तीन बोटांची वीट

शाळेच्या नव्या खोलीला बारा हजार विटा लागतील, असं गवंडी म्हणाला होता. त्यातल्या सात हजार मी पाडल्या. बाकीच्या इतर घरजावयांनी मिळून पाडल्या. नामसिपे गावात बायका इथल्याच असतात, पुरुष बाहेरून आलेले असतात. गावाचं काही काम निघालं की ते आमच्या बोडक्यावर बसतं. नाही म्हणणाऱ्याला बायकोचा भाऊ विचारतो, कुदळ कुठं ठेवलीस ती शोध आणि जा आपल्या आईच्या गावाला. माणूस कुदळ घेऊन येतो आणि कुदळ घेऊन जातो. बांधलेलं घर आणि झालेली पोरं गावाची.

ती खोली संगणकांसाठी होती. माझी बायको फेलेसिता सातवीला शिकवायची. शहरातून ट्रकनं बारा जुने संगणक आले होते, छपरावर टाकायच्या सौर पाट्या आल्या होत्या आणि चार बॅटऱ्या. सहा आठवडे शहरात राहून ती सगळं शिकून आली. खोली होईपर्यंत यंत्रं सातवीच्या वर्गातच मागच्या भिंतीला मांडलेली होती. धूळ बसू नये म्हणून तिनं आपली कमरेला गुंडाळायची जुनी कापडं त्यांच्यावर टाकली होती.

ती मुलांना यंत्रावर लिहायला शिकवायची आणि बॅटरी सांभाळायला शिकवायची. त्यासाठी काचेची एक जाड नळी होती, तिच्या एका टोकाला रबरी फुगा. फुगा दाबून सोडला की बॅटरीतलं पाणी नळीत चढायचं. आत एक काटा तरंगायचा, त्याच्यावर हिरवा, पांढरा आणि लाल पट्टा. लाल दिसला की बॅटरी उतरली. मुलं पाळीपाळीनं पाणी ओढून बघायची.

तिसरी गोष्ट ती शिकवायची, तिला यंत्र लागत नव्हतं. फोनवर आलेली, बाजारात ऐकलेली गोष्ट खरी की खोटी हे कसं बघायचं. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तिनं तीन प्रश्न लिहून ठेवले होते आणि ते कुणाला पुसू द्यायची नाही. तू स्वतः पाहिलंस का. नसेल तर कुणाकडून ऐकलंस. त्यानं कुणाकडून ऐकलं. ती म्हणायची, यंत्र महिन्याभरात कुणालाही येईल, हे यायला वेळ लागतो.

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढचं वाचायला तिनं शिकवलं. मी विटा पाडत असलो की शेजारी उकिडवी बसून ती ओल्या विटेवर काडीनं शब्द लिहायची. मी वाचला की बोटानं पुसायची आणि दुसरा लिहायची. वीट वाळायच्या आधी मी तिच्यावर तीन बोटं दाबून खूण करायचो. प्रत्येक जावयाची खूण वेगळी होती.

त्या वर्षी ऑक्टोबर फार तापला. विहिरीचा दोर दोनदा वाढवावा लागला. विटांसाठी आणायची वारुळाची माती दगडासारखी झाली होती, ती फोडताना तळहात फाटायचे. घरोघरी मक्याचं पीठ तळाला गेलं होतं. पोरं कच्चे आंबे मीठ लावून खात होती आणि पोट धरून बसत होती. ताप तर घराघरात होता. अशात फोनवर ती खबर आली, की डोंगरापलीकडून रक्त ओढणारे आलेत. ते माणसाला झोपवतात, नळीनं रक्त काढतात आणि विकतात.

मी भट्टीसाठी लाकूड आणायला सायकलनं नदीपलीकडे गेलो होतो. परत येताना वाटेतल्या एका गावी गर्दी दिसली. मध्ये एक चटया विकणारा गुडघ्यांवर बसला होता. ओळखीचा होता, दरवर्षी यायचा. त्याच्या चटया शेजारी जळत होत्या. कुणाच्या हातात मुसळ होतं, कुणाच्या हातात कुदळीचा दांडा. त्याचा डावा डोळा बंद झाला होता. तो काही सांगायला तोंड उघडायचा, पण शब्दांऐवजी दात पडायचे. एका म्हाताऱ्या बाईनं माझ्यापुढं मुसळ केलं आणि म्हणाली, तूही एक घाल. मी सायकलीकडं बोट करून म्हणालो, हात मोकळे नाहीत. ती म्हणाली, मग जा. मी गेलो. मागून आवाज येत राहिला, ओल्या पोत्यावर दांडा पडल्यासारखा. मग तो आवाज थांबला.

भट्टीवर आलो तेव्हा सगळे आंब्याखाली बसले होते. फॅनुएलच्या बायकोनं मक्याची दारू पाठवली होती, वाळक्या भोपळ्याचं भांडं हातोहात फिरत होतं. फॅनुएल माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच बाहेरचा. मी जे पाहिलं ते सांगितलं. भांडं फिरायचं थांबलं. कुणीतरी हसावं असं मला फार वाटत होतं.

मी म्हणालो, "रक्त ओढणारे शोधायला नदीपलीकडं कशाला जाता? माझ्या घरातच आहे की. काचेची नळी आहे तिच्याकडं. नाहीतर मी असा वाळलो असतो का?"

फॅनुएल म्हणाला, "तुझी नळीनं तरी ओढते, माझी नुसतीच ओढते."

सगळे हसले. मीही हसलो. मग आम्ही उठून लाकडं रचली.

चार-पाच दिवसांत ते बोलणं गावभर फिरून परत आलं तेव्हा त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. मास्तरणीकडं काचेची नळी आहे. नळीत लाल दिसतं, हे खुद्द मुलांनीच घरी सांगितलं होतं. कापडाखाली झाकलेल्या पेट्या गुणगुणतात. म्हणून पोरं सुकत चाललीत. दोन बायकांनी आपली मुलं शाळेतून काढली. तिसरीनं फेलेसिताला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, तिची बादली लाथेनं उलथवली. फेलेसितानं बादली सरळ केली आणि परत रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

तिचा मोठा भाऊ वायसन. आई म्हातारी झाल्यापासून सगळ्या बहिणींचा आणि भाच्यांचा कारभार त्याच्याकडं होता, म्हणून तो बायको-पोरांसह याच गावात राहायचा. तो हलकट माणूस नव्हता. आमच्या घराचं छप्पर उडालं तेव्हा त्यानं स्वतः गवत कापून आणलं होतं. त्याचा धाकटा, दोन वर्षांचा, तापानं पडला होता. त्याच्या पापण्या आतून पांढऱ्या झाल्या होत्या, जीभ पांढरी, तळहात पांढरे. वायसन येईल-जाईल त्याला पोराची पापणी उलटून दाखवायचा आणि विचारायचा, रक्त कुठं गेलं याचं?

फेलेसिता त्याला म्हणाली की हा मलेरिया आहे, पोराला आजच इस्पितळात ने, मी येते बरोबर. तो तिच्या हातांकडं बघत राहिला.

सोमवारी तिनं वर्गात ती खबरच अभ्यासाला दिली. मी विटा उतरवत होतो, खिडकीतून दिसत होतं. ती म्हणाली, माझ्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. चिडायचं नाही. प्रत्येकानं घरी जाऊन विचारायचं, कुणाकडून ऐकलं. मग त्या माणसाकडं जायचं आणि त्यालाही विचारायचं. नावं लिहून आणायची.

एकतीस मुलं. आमची लिनेस त्यांच्यातच होती, तेरा वर्षांची. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं मार खाऊन आली. एकाचा ओठ फुटला होता. एकीच्या पाठीवर दोरीचे वळ होते. लिनेसनं आपल्या मामाला विचारलं होतं. वायसननं सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन तिला मारलं, एक फटका कानावर बसला. ती घरी आली तेव्हा कानातून रक्त गळत मानेवर सुकलं होतं. फेलेसितानं तिचा कान पुसला आणि तशीच भावाच्या अंगणात गेली. मी मागं गेलो, पण कुंपणाशी थांबलो. दोघं भावंडं बोलत असताना जावयानं आत जायचं नसतं.

ती म्हणाली, "दादा, पोरीनं प्रश्न विचारला. चोरी नाही केली."

वायसन म्हणाला, "मामाला प्रश्न विचारायचा नसतो. हेच शिकवतेस का तिथं?"

"हेच शिकवते."

त्यानं तिला थोबाडीत मारली. ती हलली नाही. आत पोर कण्हत होतं. ती म्हणाली, त्याला इस्पितळात ने. मग परत आली. माझ्याकडं न बघता कुंपणातून बाहेर पडली.

बुधवारी संध्याकाळी ती चुलीपाशी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. भट्टी मंगळवारीच पेटवली होती, मी अंगभर धूर घेऊन घरी आलो होतो. तिनं एक मोठा कागद माझ्यासमोर पसरला. नावं होती आणि नावांना जोडणाऱ्या रेघा होत्या. बायका, पोरं, चर्चमधला ढोल वाजवणारा, वायसनची बायको. सगळ्या रेघा खाली येता येता कमी होत गेल्या होत्या.

ती म्हणाली, "सगळ्या आंब्याखाली येतात. भट्टीवर. तिथून फॅनुएल. आणि फॅनुएलनं ज्याचं नाव सांगितलं ते मी अजून लिहिलं नाही."

मी म्हणालो फॅनुएल दारुडा आहे, त्याच्या तोंडाला काय धरतेस. ती शेंगा सोलत राहिली. लिनेस दारात बसली होती, कानाला फडकं बांधून. मग मी म्हणालो की ती चेष्टा होती.

"माहीत आहे," फेलेसिता म्हणाली. "तुमची चेष्टा ऐकूनच मी तुम्हाला घरात घेतलं, लिनेसचे बाबा. सकाळी भट्टीवर सगळे असतील. सगळ्यांदेखत सांगा, मी बोललो, मजेत बोललो. मग दादाच्या दारात जाऊन तेच सांगा. तुमच्या तोंडून निघालंय, तुमच्याच तोंडून परत गेलं पाहिजे."

मी हो म्हणालो. तिनं पेन्सिल घेतली आणि कागदाच्या तळाशी माझं नाव लिहिलं, बिझविक. शेवटची रेघ ओढली.

सकाळी भट्टीची तोंडं लिंपायची होती. दोन दिवस पेटती ठेवल्यावर तिसऱ्या सकाळी सगळी तोंडं चिखलानं बंद करतात, म्हणजे धग आत राहते. उशीर झाला तर विटा अर्धकच्च्या राहतात, पहिल्या पावसात विरघळतात. चार तोंडं होती. सगळे जावई आले होते. आज कुणी चेष्टा करत नव्हतं. दोघांनी येताना मुसळं आणली होती, ती आंब्याला टेकवून ठेवली होती. मी विचारलं नाही कशाला.

पहिलं तोंड लिंपताना मी मनाशी म्हणालो, आता सांगतो. माझ्या डोळ्यांपुढं चटईवाल्याचे दात आले. दुसरं लिंपताना फॅनुएल माझ्या शेजारी होता, त्यानं मान वर केली नाही. मी ठरवलं की काम संपू दे, हात धुऊन नीट सांगू. तिसरं तोंड झालं. तेवढ्यात वायसनच्या घराकडून बायकांचा हंबरडा आला. पोर गेलं होतं.

माणसं चिखलाच्या हातांनी तशीच उठली. मुसळं उचलली. ती वायसनच्या घराकडं निघाली. मी एकटा उरलो आणि एक तोंड उघडं होतं, आतून पांढरी धग येत होती. मी ते लिंपलं. त्याला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. पाण्याच्या दोन बादल्या आणि चिखलाची सहा घमेली, एवढा वेळ.

मग शाळेकडून पोरांचा आवाज आला आणि मी पळालो.

शाळेच्या पटांगणात अर्धं गाव होतं, बायकांच्या हातातही मुसळं होती. माझ्या विटांची पहिली खेप, आदल्या महिन्यात भाजलेली, तिथंच रचून ठेवली होती. फेलेसितानं वर्गाचं दार ओढून घेतलं होतं आणि पायरीवर उभी होती. हातात ती काचेची नळी होती. तिनं ती दाखवायला आणली होती. ती फुगा दाबून दाखवत होती, की बघा, पाणी आहे, बॅटरीचं पाणी. कुणी बघत नव्हतं. मग ती एकेकाला नावानं हाक मारून विचारायला लागली. तू पाहिलंस का? तू पाहिलंस? स्वतः पाहिलंस? एक-दोघांनी माना खाली घातल्या, ते मी पाहिलं. मला वाटलं, आता थांबतील.

मी ओरडलो की मी बोललो, ते मीच बोललो. फॅनुएलनं मागून माझ्या तोंडावर हात दाबला. आणखी दोघांनी मला खाली पाडलं. कुणाचा तरी गुडघा माझ्या मानेवर आला, उजवा हात मागं पिळला गेला आणि खांद्यातून काडकन आवाज झाला. माझ्या तोंडात माती गेली. फॅनुएल कानाशी म्हणत होता, गप रहा, तुलाही मारतील, गप रहा. तो रडत होता.

मी जमिनीवरून फक्त पाय पाहिले. पाय पुढं गेले. काच फुटली. तिनं एकदा "दादा" म्हटलं. मग ओल्या पोत्यावर दांडे पडतात तो आवाज, खूप वेळ. आत एकतीस मुलं खिडकीच्या गजांना धरून उभी होती.

मला सोडलं तेव्हा पटांगण रिकामं झालं होतं. ती पायरीखाली पडली होती. डोक्याची उजवी बाजू राहिली नव्हती. शेजारी वीट होती, तिच्यावर तीन बोटं होती. मी डाव्या हातानं तिचं कापड खाली ओढलं, गुडघे उघडे पडले होते.

त्याच दुपारी दोन कबरी खणल्या, एक लहान, एक मोठी. ज्या बायकांनी मुसळं आणली होती त्यांनीच दोघांसाठी गळा काढला. माझं डोकं भादरलं. पोलिसांची गाडी दोन दिवसांनी आली. गावप्रमुख बाईनं सांगितलं, माणसं नदीपलीकडून आली होती, आम्ही कुणाला ओळखत नाही. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, माझं तोंड जमिनीत होतं. ते खरंच होतं. त्यांनी लिहून घेतलं आणि गाडी गेली.

कुणीतरी ती वीट धुऊन परत रचून ठेवली होती. मी ती ओळखली, एक कोपरा फुटला होता. मी ती उचलून घरी आणली. कुणी अडवलं नाही.

शाळा बंद होती. तरी सातवीची मुलं एकेक करून लिनेसला भेटायला यायची आणि चुलीमागं काहीतरी देऊन जायची. आठव्या दिवशी लिनेसनं पिठाच्या मडक्यातून वह्यांच्या पानांचा गठ्ठा काढून माझ्यापुढं ठेवला. प्रत्येकानं एकेक पान लिहिलं होतं. वर नाव, मग कुठं उभा होतो, मग काय पाहिलं. ती म्हणाली, आईनं शिकवलं तसंच आहे, ऐकलेलं कुणी लिहिलेलं नाही.

मी वाचली. वाचायला मला दोन दिवस लागले. चौघांनी लिहिलं होतं की मुसळ कुणाचं होतं. सात जणांनी वायसनचं नाव लिहिलं होतं. दोन मुलांनी एवढंच लिहिलं होतं, "मी डोळे मिटले होते म्हणून मी काही पाहिलं नाही." लिनेसचं पान सगळ्यात लहान होतं. "मी दुसऱ्या खिडकीत होते. वायसन मामांनी वीट उचलून आईला मारली. आई पडली. मामांनी तीच वीट परत उचलली."

असल्या गोष्टी गावात लपत नाहीत. मला मोकळं करायचा दिवस ठरला होता. बायको गेली की तिची माणसं जावयाला चटईवर बसवतात, बकरी देतात, कुदळ हातात देतात आणि म्हणतात, तू मोकळा. मग तो आपल्या गावी जातो, पुन्हा लग्न करतो. आदल्या दिवशी दुपारी वायसन आमच्या अंगणात आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तो वाळून काठी झाला होता. उन्हातच बसला, सावलीत ये म्हटलं तरी आला नाही.

म्हणाला, "जावईबापू, माझा पोरगा गेला. बहीण गेली. मला आत टाकून आता कुणाचं काय भरून येणार?"

मी त्याला पाणी दिलं. त्यानं ते बाजूला ठेवलं.

"पानं माझ्या हातात दे. पोर तू घेऊन जा. आमच्या घराण्यात बापाला पोर कुणी दिलेली नाही. मी देतो. उद्या चटईवर सगळ्यांदेखत देतो."

दारात लिनेस उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मी वायसनला म्हणालो, उद्या. तो उठला, पाच पावलं गेला, परत वळला आणि म्हणाला की ती दादा म्हणाली होती, ते तू ऐकलंस का. मी म्हणालो, ऐकलं. तो गेला.

मी खोटं सांगणार नाही. मी पानं देणार होतो. ती गेली ती परत येणार नव्हती आणि पोर जिवंत होती. मी गठ्ठा नीट केला, सुतळी घेतली. एका हातानं गाठ बसेना, लिनेसनं बोट धरलं. गाठ मारता मारता वरचंच पान दिसलं. मी डोळे मिटले होते म्हणून मी काही पाहिलं नाही. बारा वर्षांची पोर होती ती, माझ्या विटांवर बसून आंबे खायची. तिनं न पाहिलेलंही इमानानं लिहिलं होतं.

मी लिनेसला विचारलं, आईचा मोठा कागद कुठं आहे. रेघांचा.

ती म्हणाली, "मी जाळला."

"नाही जाळलास."

ती उठली आणि आपली झोपायची चटई उलटून तिच्या काठातून घडी काढली. माझ्या हातात द्यायच्या आधी छातीशी धरली.

"ह्याच्यावर तुमचं नाव आहे, बाबा. हा दिला तर तुम्हालाही धरतील."

"धरू देत."

"मग मी कुणाकडं राहू?"

मी म्हणालो, तू माझ्याबरोबर चल, पहाटे सायकलवर बस, चटईवर बसायच्या आधीच निघू. तिनं कानाचं फडकं सोडलं, परत बांधलं.

म्हणाली, "मी आले तर म्हणतील, बापानं पोर पळवली आणि हवं ते लिहून घेतलं. माझं पान खोटं ठरेल. मी आजीकडं थांबते. साहेब आले की मला इथंच विचारू देत, त्या खिडकीपाशी."

हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तिच्या आईचा विचार केला आणि मान हलवली.

उजाडायला लागलं तसा मी निघालो. माणसं अजून अंगणं झाडत होती. मोकळं न होता गेलेल्या विधुराला कुणी परत गावात घेत नाही, त्याला दुसरी बायकोही कुणी देत नाही, तो मेलेलीचाच राहतो. मला त्याचं काही वाटलं नाही. कुदळ मी घरातच ठेवली. पानं आणि मोठा कागद तिच्या एका कापडात गुंडाळून पोटाला बांधले, वीट पोत्यात घालून सायकलच्या मागं बांधली. विहिरीपाशी फॅनुएल बादली भरत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पोत्याकडं पाहिलं. मग बादली खाली ठेवली आणि पाठ फिरवून उभा राहिला. मी गेलो असेन-नसेन, मागून ओरडा ऐकू आला. वायसनचा आवाज होता. एक दगड मागच्या चाकाला लागला, एक पाठीत बसला. मी वळलो नाही. उतार होता, सायकल आपोआप पळत होती.

ठाणं अठरा किलोमीटर. उजवा हात चालत नव्हता, चढावर उतरून ढकलत नेली. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तेच साहेब होते. मी कापड सोडून पानं टेबलावर ठेवली, पोत्यातून वीट काढून बाजूला ठेवली. मी सगळ्यात आधी म्हणालो की गाडी आत्ताच काढा, माझी पोर तिथं आहे, त्यांना कळलंय. त्यांनी दोन पानं वाचली. तिसरं वाचलं. मग बाहेर हाक मारून गाडी काढायला सांगितली आणि दोन शिपाई चढवले. गाडी धुरळा उडवत गेली ते मी खिडकीतून पाहिलं.

वारा येत होता. पानं उडू नयेत म्हणून साहेबांनी वीट उचलून त्यांच्यावर ठेवली. मी त्यांना सांगितलं की ती वीट कसली आहे. त्यांनी हात काढून घेतला. काही वेळ तो हात टेबलाखाली ठेवला. मग वहीचं कोरं पान उघडलं.

"सात जणांनी वायसन लिहिलंय. तिथून सुरू करतो."

मी मोठा कागद उलगडून त्यांच्यासमोर पसरला आणि तळाशी बोट ठेवलं.

"तिथं शेवट आहे, साहेब. सुरुवात इथं आहे."

त्यांनी नाव वाचलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, हा बिझविक आम्हाला कुठं सापडेल. मी म्हणालो, तुमच्यासमोर आहे.

त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. विचारलं, "आणि हे तुम्ही कुणाकडून ऐकलंत?"

"मीच बोललो," मी म्हणालो. "लिहा."